पांढऱ्या बैलाचं थांबलेलं मुंडकं

माझ्या बाबांनी कुणाची माफी मागितलेली मी कधी पाहिली नव्हती. आईची नाही, खाणीतल्या साहेबाची नाही, देवाचीही मागितली नसावी. त्यामुळे मोतीबिंदूचं ऑपरेशन करून आईसोबत नागपूरला माझ्याकडे मुक्कामाला आलेले बाबा एका संध्याकाळी म्हणाले, की रविवारी तुझ्या मामाला बोलावून घे, मला त्याची माफी मागायची आहे, तेव्हा मी चहाचा कप खाली ठेवून त्यांच्याकडे पाहतच राहिले. आनंद वगैरे काही झाला नाही. मला राग आला, आणि राग आला की मला काही सुचत नाही, हे आमच्या घरात सगळ्यांना ठाऊक आहे.

माफी होती शंकरपटाची. शंकरपट म्हणजे आमच्याकडची बैलजोड्यांची शर्यत. दोन जोड्या शेजारी-शेजारी सुटतात, मागे हलकीशी छकडी, छकडीवर हाकणारा धुरकरी, आणि शेवटी खांब. ज्याच्या बैलाचं नाक खांबापुढे आधी गेलं, पट त्याचा. बाबा सावनेरकडच्या कोळसा खाणीत नोकरीला होते, पण जीव सगळा गोठ्यात. त्यांची जोडी पांढरी होती आणि त्यातला उजवीकडचा बैल तर इतका पांढरा, की त्याला नुसतं पांढऱ्याच म्हणायचे. आमच्याआधी त्याला सरकी-ढेप मिळायची. आम्ही भावंडं चिडायचो, बाबा म्हणायचे, तुम्ही पळून दाखवा, तुम्हालाही देतो.

आईच्या माहेरच्या गावी दर वर्षी पट भरायचा. म्हणजे बाबा त्या गावचे जावई. मी नुकतीच नोकरीला लागले होते तेव्हाची गोष्ट. शेवटच्या फेरीत बाबांच्या समोर कोण यावं, तर माझ्या सख्ख्या मामाची काळी जोडी. दोन्ही जोड्या खांबाशी अशा एकदम आल्या, की धुळीत कुणाला काहीच दिसलं नाही. पंचांनी मामाच्या बाजूने हात वर केला. बाबा छकडीवरून उतरले आणि सगळ्या गावासमोर म्हणाले, पट मी जिंकलो आहे, पंचाला दिसलं नाही. सासुरवाडीत, भर पटात, जावयाने असं बोलायचं! झालं. त्या दिवसापासून ते गावात फोकनाड जवाई झाले. फोकनाड म्हणजे थापाड्या. लग्न असो, बारसं असो, बाबा दिसले की कुणीतरी हळूच विचारायचं, काय जवाईबापू, मग पट कुणाचा?

गावात लग्नांचं शूटिंग करणारा एक जण होता, त्याने हा पट कॅमेऱ्यात घेतला होता. पुढे त्याने गावातली लग्नं, शाळेचं स्नेहसंमेलन, कुणाकुणाची बारशी आणि हा पट, असं सगळं एकाच डिस्कवर घालून दिलं. ती डिस्क मामाच्या घरची पोथी झाली. पाहुणे आले की मामा प्लेअर लावायचा, खांबाशी चित्र थांबवायचा आणि काळ्या बैलाच्या पुढे आलेल्या नाकावर बोट ठेवून म्हणायचा, "भाटवे, माणूस खोटं बोलते. मशीन नाही बोलत." बहिणीच्या नवऱ्याला आमच्याकडे भाटवा म्हणतात, आणि त्याची थट्टा करायचा मेहुण्याला हक्कच असतो. बाबा तो हक्क मान्य करायचे, पण स्क्रीनकडे बघायचे नाहीत. उठून बाहेर जायचे. आई कपाळाला हात लावून म्हणायची, बैल गेले, छकडी मोडली, या दोघांचं भांडण तेवढं धडधाकट आहे. सुंभ जळला तरी पीळ जात नाही.

तर असे हे बाबा. नागपूरला येताना त्यांनी कपड्यांच्या पिशवीत स्वतःचा जुना डिस्क प्लेअर आणला होता. माझ्या टीव्हीवर सगळं दिसतं हो, असं मी सांगून पाहिलं, पण त्यांना त्यांच्याच रिमोटची बटणं कळतात. लाल, पांढरी, पिवळी वायर जोडून देताना माझ्या नाकी नऊ आले. मला वाटलं कीर्तनं ऐकतील. पण त्या पिशवीत मामाने कधीतरी चिडवायला म्हणून भेट दिलेली त्या डिस्कची कॉपीही होती. नवा डोळा मिळाल्यावर बाबांनी पहिली गोष्ट कोणती पाहिली असेल, तर ती. एकट्याने लावली, मामा थांबवायचा तिथेच थांबवली आणि बघत बसले. मी हिंगण्याहून कंपनीच्या बसने घरी पोचले तेव्हा टीव्हीवर तेच थांबलेलं चित्र होतं.

"हारलोच असन वं मी," बाबा म्हणाले. "इतके वर्सं डोळ्यात धूळ घेऊन भांडून राहिलो. आता डोळा साफ झाला तर दिसते ना. भाऊले, तुह्या मामाले, बोलाव रविवारी."

मला रडू आलं असतं तर बरं झालं असतं. मला संताप आला. ज्या माणसाला सगळं गाव खोटं पाडू शकलं नाही, त्याला एक चकती खोटं पाडते म्हणजे काय? मी त्यांच्या हातातून रिमोट घेतला. बाबा म्हणाले, जाऊ दे बाई, कायले जीव जाळतं. मी म्हटलं, तुम्ही गप बसा.

आता माझं काम काय, ते सांगायला हवं. हिंगण्याच्या एका कारखान्यात मी तयार भाग तपासते. हजार सारखे दिसणारे तुकडे समोरून जातात, त्यातला एक जरासा वाकडा असतो, तो काढायचा. हे करून करून माझी नजर फार चोखंदळ झाली आहे. लग्नात कुणाच्या साडीची निरी वर-खाली असली तरी मला जेवण गोड लागत नाही. त्याच नजरेने मी ते चित्र एकेक पाऊल मागे-पुढे करून पाहू लागले. काळ्या बैलाचं सगळं ठीक होतं. पाय, वशिंड, मान, नाक, सगळं चित्रागणिक पुढे सरकत होतं. पांढऱ्याचं वशिंड सरकत होतं, पाय सरकत होते. मुंडकं मात्र आहे तिथेच. मी पुन्हा मागे नेलं, पुन्हा पुढे आणलं. धड पळतंय आणि मुंडकं उभं आहे. असा बैल माझ्या बापाने पोसला नव्हता, आणि ब्रह्मदेवाने केलाही नसेल.

मी बाबांना दाखवलं. ते म्हणाले, धूळ आहे ती. मी म्हटलं, धुळीने बैलाची मान लहान होत नाही.

दुसऱ्या दिवसापासून मी हात धुऊन या प्रकरणाच्या मागे लागले. प्लेअरच्या खोक्यात त्याचं माहितीपुस्तक होतं, ते बसमध्ये वाचलं. जे कळलं नाही ते फोनवर शोधून वाचलं. माझ्या शेजारी बसणारी मैत्रीण म्हणाली, हे काय नवीन खूळ? मी म्हटलं, बैलाचं मुंडकं शोधून राहिले. तिने पुन्हा विचारलं नाही.

पहिली गोष्ट मला ही कळली, की फाइलच्या नावाला शेपूट कोणतं आहे यावरून आत काय आहे ते कळत नाही. आमच्या बसमध्ये सगळ्यांचे डबे स्टीलचे, एकसारखे. झाकण उघडल्याशिवाय वांगं आहे की मुगवडी, कसं सांगणार? फाइलचंही तसंच. नाव डब्याचं असतं, आतला आवाज आणि चित्र कोणत्या रीतीने दाबून भरलं आहे ते वेगळं. प्लेअरला ती रीत येत असेल तर तो उघडतो, नाही तर हात वर करतो. डिस्क चांगली असते, तिचा काही दोष नसतो.

दुसरी गोष्ट कळली तेव्हा मी बसमध्येच मांडीवर थाप मारली. चित्र दाबून लहान करताना यंत्र प्रत्येक चित्र पूर्ण ठेवत नाही. मधूनमधून एक चित्र पूर्ण ठेवतं आणि त्यानंतर नुसतं काय बदललं तेवढंच टिपून घेतं. उरलेलं मागच्या चित्रातून उचलून तसंच्या तसं चिकटवतं. ते टिपण्यालाही जागा मोजून मिळते. जितकं जास्त एका डिस्कवर कोंबाल, तितकी दर क्षणाच्या वाट्याला जागा कमी. मग यंत्र काटकसर करतं. माणसाच्या डोळ्याला चटकन कळणार नाही असं जे वाटेल, ते सोडून देतं. पांढऱ्या धुळीपुढे काळं नाक सरकलं, तर बदल मोठा, ते टिपलं. पांढऱ्या धुळीपुढे पांढरं नाक सरकलं, तर यंत्राला वाटलं, काही बदललंच नाही. ठेवलं जुनंच. आणि वरून सगळीकडे धूळ उडत होती, तिच्यातच बिचाऱ्याची जागा संपली. माझ्या बापाचा पट शाळेच्या स्नेहसंमेलनाने आणि कुणाच्या तरी बारशाने खाल्ला होता.

घरी येऊन मी हे सगळं बाबांना सांगितलं. इतक्या जोरात सांगितलं, की आई स्वयंपाकघरातून बाहेर आली. बाबांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि मग विचारलं,

"बरं, तेथचं मुंडकं खोटं आहे. मग खरं कुठं होतं?"

खरंच होतं त्यांचं. मशीन चुकलं म्हणजे बाबा जिंकले असं थोडंच होतं? चित्रात जे ठेवलंच नाही ते मी कुठून काढणार होते? पुरणातली डाळ निवडून परत कोरडी करता येत नाही. मूळ शूटिंग हवं होतं, आणि तो शूटिंगवाला तर केव्हाच गाव सोडून गेला होता. रविवार तोंडावर आला होता. बाबांनी तोपर्यंत मामाला फोन करून ये म्हणून सांगितलंही होतं, आणि मामा मोठ्या आनंदाने हो म्हणाला होता.

तेव्हा आई म्हणाली, "ती बंद डिस्क पाह्यली का?"

बंद डिस्क म्हणजे आणखी एक भानगड होती, मला कधी कुणी सांगितली नव्हती. पटानंतर बाबा त्या शूटिंगवाल्याच्या मागे लागले होते, की मला बाकी काही नको, फक्त शेवटची फेरी दे, आणि जशी आहे तशी दे, काटछाट नको. त्याने एक डिस्क दिली. बाबांनी घरी लावली तर प्लेअर म्हणाला, ही वाचता येत नाही. शेजाऱ्याकडे लावली, तिथेही तेच. बाबांनी ताडलं, हा मामाच्या गावचा माणूस, त्याच्याच बाजूचा, याने मला कोरी चकती देऊन फसवलं. आणि फसवणुकीचा पुरावा म्हणून ती त्यांनी लोखंडी पेटीत, वुलनच्या शालीत गुंडाळून ठेवली. दाखवणार कुणाला होते कोण जाणे. त्या काळी घरी कॉम्प्युटर नव्हता, आणि पुढे जेव्हा घराघरात आले, तेव्हा कोण कशाला बंद डिस्क काढून बघतं?

ऐकता ऐकता मला उलगडलं. जशी आहे तशी दे, असं बाबांनी सांगितलं होतं. त्या भल्या माणसाने तशीच दिली होती! न दाबता. आणि न दाबलेलं भलं मोठं चित्र घरच्या प्लेअरला उघडताच येत नाही. ज्या डिस्कवर बाबांचं खरं होतं, तिलाच बाबांनी खोटी ठरवून पेटीत कोंडलं होतं.

माझा भाऊ आमच्या घरी, गावीच असतो. त्याने पेटी उघडली आणि दुसऱ्या दिवशी सावनेरहून येणाऱ्या ओळखीच्या माणसाबरोबर डिस्क पाठवली. माझ्या लॅपटॉपला डिस्क घालायची सोय नाही, म्हणून कारखान्यातून बाहेरून जोडायचा ड्राइव्ह मागून आणला. मऊ कापडाने चकती मधून कडेकडे पुसली आणि आत सरकवली. आधी नुसती घरघर. मग खिडकी उघडली आणि आत एकच फाइल, पण केवढी! ती कॉपी करायला घेतली तर अर्ध्यावर अडकली. पुन्हा काढली, पुन्हा पुसली, पुन्हा घातली. जुन्या चकतीला घाई चालत नाही. आई देवापुढे दिवा लावून आली. शेवटी ती फाइल पूर्ण उतरली, आणि मी ती उघडली.

मी पाहिलं. काय पाहिलं ते तेव्हा सांगितलं नाही, कारण बाबांनी सांगूच दिलं नाही. मी हसत होते की ओरडत होते कोण जाणे, पण त्यांनी पाठ फिरवली.

"मी एकटा नाही पाहात," ते म्हणाले. "एकट्यानं पाह्यलं तर मले माह्याच सोयीचं दिसन. भाऊ येऊ दे. आधी त्यानं पाहावं."

जन्मभर भांडलेल्या माणसाचा हा न्याय. मी लॅपटॉप मिटला.

रविवारी मामा आला, पिशवीत संत्री आणि तोंडभर हसू. डोळा पाहिला, डॉक्टरची चौकशी केली, आणि मग पाय पसरून बसला. माफी ऐकायला बसला होता, उगाच कशाला झाकायचं? बाबा काही बोलायच्या आत मी टीव्हीला लॅपटॉप जोडला आणि म्हटलं, मामाजी, आधी हे बघा, आणि काय दिसतं ते तुम्हीच बोला.

जोड्या सुटल्या. चित्र इतकं स्वच्छ, की आईने तोंडाला पदर लावला. धुरकरी म्हणून उभे असलेले बाबा, त्यांच्या अंगावरचा तो बनियन, कडेला उभी असलेली माणसं, त्यातली कितीतरी आता नाहीत. धूळ होतीच, पण तिच्यात पांढऱ्या दिसत होता. खांब आला. मी एकेक चित्र सरकवू लागले. मामा पुढे झुकला. मागे घे म्हणाला, मी घेतलं. पुन्हा मागे घे म्हणाला, पुन्हा घेतलं. मग त्याने नेमका प्रश्न विचारला, की हे मशीन खरं आणि ते खोटं, हे कशावरून?

मी वाटच बघत होते. दोन्ही शेजारी-शेजारी लावली. डावीकडे त्याची डिस्क, उजवीकडे बाबांची. डावीकडे पांढऱ्याचं धड पळतंय आणि मुंडकं उभं. उजवीकडे आख्खा बैल पळतोय, मान लांबवून, आणि खांबाशी त्याचं नाक काळ्याच्या पुढे. केसभर वगैरे नाही. चांगलं हातभर पुढे. मामाने आयुष्यभर बैल पाळले आहेत. पळणाऱ्या बैलाची मान कशी असते, ते त्याला मी सांगायची गरज नव्हती.

त्याने पसरलेले पाय आवरून घेतले. बाबा स्क्रीनकडे बघतच नव्हते. ते मामाच्या चेहऱ्याकडे बघत होते.

"भाटवे," मामा म्हणाला, "पट तुमचा होता."

तेव्हा बाबांनी मान वळवून टीव्हीकडे पाहिलं. खरं म्हणजे त्यांनी नाचायला हवं होतं. मी तर नाचायलाच टेकले होते, आणि शेजाऱ्यांना पेढे वाटावेत असं माझ्या मनात चाललं होतं. जिंकलो आम्ही! एका बैलाच्या मुंडक्याएवढं जिंकलो, आणि मी जिंकून दिलं. पण मामाचं बोलणं संपलं नव्हतं. तो माझ्याकडे वळला आणि म्हणाला, "बाई, हे माह्या घरच्या प्लेअरवर चालन असं करून दे. गावाले मीच दाखवतो."

हे मात्र मला अपेक्षित नव्हतं. मामाला मी काय समजत होते आणि काय निघाला! मी त्याला चार वेळा चहा पाजला.

मग मी ती डिस्क केली. आता मला कळत होतं काय करायचं ते. मामाच्या प्लेअरला कोणती रीत उघडता येते ते त्याच्या भाच्याने, म्हणजे माझ्या भावाने, मामाकडे जाऊन त्याच्या माहितीपुस्तकातून फोनवर वाचून दाखवलं. चित्र दाबावं लागणारच होतं, त्याशिवाय तो जुना प्लेअर उघडणार नाही. पण एका डिस्कवर एकच फेरी. ना लग्न, ना बारसं. जागाच जागा. धुळीच्या कणालाही पुरेल आणि वर उरेल इतकी. दाबून झाल्यावर मी खांबाजवळचं एकेक चित्र तपासलं, जसं कारखान्यात तपासते तसं. प्रत्येक चित्रात पांढऱ्याचं मुंडकं जिथे असायला हवं तिथे होतं.

बाबांचा डोळा बरा झाल्यावर आम्ही सगळे आईच्या माहेरी गेलो. मामाने ओसरीवर टीव्ही बाहेर काढून ठेवला होता आणि गाव बोलावलं होतं. मला वाटलं जावयाला खुर्ची देतील, पण बाबा खाली सतरंजीवर सगळ्यांत बसले. मामाने डिस्क घातली. फेरी लागली. खांबाशी त्यानेच चित्र थांबवलं, पांढऱ्या बैलाच्या नाकावर बोट ठेवलं आणि लोकांकडे वळून म्हणाला, इतके वर्सं मी तुमाले चुकीचं दाखवलं, पट आमच्या जवायानं मारला होता. मग मागून एक म्हातारा शिट्टी मारून ओरडला, आणि मग जो कल्ला झाला, तो पटाच्या दिवशीही झाला नसेल. कुणी बाबांच्या पाठीवर थाप मारली, कुणी त्यांचा हात धरून हलवला, बायका आईला हसून चिडवू लागल्या. आई रडत होती आणि रडत नाही म्हणून सांगत होती.

आता तरी बाबा म्हणतील, मी सांगितलं होतं ना? माझे कान त्याच्याकडे लागले होते. मी तर वाक्य तयार करून ठेवलं होतं त्यांच्यासाठी. पण ते उठले, टीव्हीच्या अगदी जवळ जाऊन बसले, आणि नव्या डोळ्याने पांढऱ्याकडे बघत राहिले. पट, गाव, हार, जीत, त्यांना काही दिसत नव्हतं. त्यांना त्यांचा बैल दिसत होता.

"अजून एकडाव लाव गा," ते मामाला म्हणाले.

मामाने लावली.